‘पूर्वीप्रमाणे’ म्हणजे नक्की काय, हे आजच विचारून घ्या

तुम्ही लिहिलंय त्यातून मला समजलं ते असं. बरीच वर्षं तुमची मधुमेहाची एकच गोळी चालू होती, तिच्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही औषधं. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, 9.1 आल्यावर नव्या डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन आणि सिटाग्लिप्टिन ही साखरेची दोन नवी औषधं लिहून दिली आणि खाली ओळ टाकली, ‘मेटफॉर्मिन पूर्वीप्रमाणे’. तुमच्याकडे नुसतं मेटफॉर्मिन कधी नव्हतंच, म्हणून जुनी गोळी तशीच चालू ठेवली. आता संध्याकाळी घाम फुटतो, हात थरथरतात, मीटर मात्र 92 दाखवतो. आणि तुम्ही विचारताय, ‘92 म्हणजे लो नाही ना? मग हा नव्या औषधांचा त्रास असेल तर ती बंद करू का?’

माझ्या मते नव्या औषधांकडे बोट दाखवण्याआधी त्या ‘पूर्वीप्रमाणे’चा निकाल लावायला हवा. डॉक्टरांना मेटफॉर्मिन तेवढं चालू ठेवायचं होतं आणि ग्लिमेपिराइड बंद करायचं होतं, की जुनी गोळी अख्खी चालू ठेवायची होती? फरक मोठा आहे, कारण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून जास्त इन्शुलिन काढून घेतं आणि साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतं. कागदावरून हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. मी डॉक्टर नाही, टाइप टू मधुमेहाची जुनी रुग्ण आहे. खाली जे लिहिते आहे ते तुम्हाला डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून. त्यावरून परस्पर गोळ्या कमीजास्त करू नका.

एवढ्या घाईने लिहायचं कारण, हाच शब्द माझ्या डिस्चार्ज कार्डावर होता.

मी लघवीच्या संसर्गासाठी दाखल झाले होते. सोडताना त्या रुग्णालयाने साखरेची नवी गोळी लिहून दिली आणि शेवटी ‘बाकी औषधे पूर्वीप्रमाणे’. नव्या गोळीचं नाव वेगळं, रंग वेगळा. आत होतं ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. माझ्या आधीच्या गोळीतही ग्लिमेपिराइड होतंच. ती बंद करा असं कार्डावर कुठेही नव्हतं, तोंडीही कुणी सांगितलं नाही. कार्डाबरहुकूम दोन्ही सुरू झाल्या. ग्लिमेपिराइड दुप्पट पोटात जायला लागलं, आजारपणाने जेवण निम्म्यावर आलेलं, त्यात क्रिएटिनीन वाढलेलं. मूत्रपिंड मंदावलं की ग्लिमेपिराइडचा अंमल लांबतो, त्यामुळे साखर खाली जायला सगळंच जमून आलं होतं.

पहाटे माझ्या मुलाला मी असंबद्ध बोलताना सापडले. कपडे घामाने ओले, मीटरवर 41. मला गिळता येत होतं म्हणून त्याने साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर 44. पुन्हा पाजलं, तरी आकडा हलेना. तो बिचारा घाबरून गेला की एवढी साखर पोटात जाऊनही चढत कशी नाही. कारण त्या तिसऱ्या घटकात होतं. व्होग्लिबोज, तसंच अकार्बोज, ही औषधं आतड्यात साखर फोडण्याचं कामच मंद करतात. घरातल्या साखरेचं ग्लुकोजमध्ये रूपांतर व्हायला वेळ लागतो, म्हणून ही औषधं घेणाऱ्याची शुगर लो झाली तर साध्या साखरेवर विसंबता येत नाही, थेट ग्लुकोज पावडर किंवा ग्लुकोजच्या गोळ्याच द्याव्या लागतात. हे आम्हाला नंतर, तातडीच्या विभागातल्या एका डॉक्टरांनी समजावलं. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर मी ताळ्यावर आले, पण त्यांनी लगेच सोडलं नाही. ग्लिमेपिराइड अंगात असेपर्यंत साखर पुन्हा खाली ओढली जाऊ शकते, हेही त्यांनीच सांगितलं.

तुमच्या घरच्यांना हे वाचायला द्या. आणि हेही सांगून ठेवा की माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही. ते फुप्फुसात जातं. अशा वेळी सरळ रुग्णवाहिका.

पण मला सर्वांत महाग पडलं ते याच्या पुढचं. कार्ड दुरुस्त करून द्या म्हणून मी त्या रुग्णालयात गेले. नोंदणी खिडकी म्हणाली, हे वॉर्डचं काम. वॉर्ड म्हणाला, कार्ड लिहिणारे डॉक्टर आता दुसऱ्या विभागात गेले. तिसरीकडे ऐकलं की फाइल बंद झाली, आता त्यात बदल होत नाही. ‘ही गोळी बंद’ एवढे शब्द लिहून सही करायला कुणी तयार नव्हतं. पुढे डोळ्याच्या एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी तिथेच जावं लागलं, तर संगणकातून तीच जुनी यादी निघाली. दोन्ही गोळ्या एकाखाली एक. नर्सने त्याच यादीवरून सकाळचे डोस काढायला घेतले होते. मी उठून बसून हात आडवा केला नसता तर पुन्हा तेच झालं असतं. ज्या चुकीने माणूस मरता मरता वाचतो ती चूक कागदावरून पुसायला कुणाला वेळ नसावा, याचा मला आजही संताप येतो. एखाद्या डॉक्टरवर माझा राग नाही, थकलेल्या माणसाच्या हातून लिहिताना सुटतं. पण यादी दुरुस्त करायची जबाबदारी कुणाचीच नाही, अशी व्यवस्था मला मान्य नाही.

म्हणून माझं ठाम मत: औषध बदललं की काय सुरू करायचं हे सगळेच सांगतात, आपण लिहून मागायचं ते काय बंद करायचं. आणि तेही घटकाच्या नावाने. पट्टीच्या दर्शनी बाजूला कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं, खरी नावं आणि मिलिग्रॅम मागे बारीक अक्षरात. त्या मागच्या बाजूचा फोटो काढा, घरातल्या प्रत्येक गोळीचा, आणि एकच नाव दोन पट्ट्यांवर दिसतंय का ते बघा. मेडिकलमध्ये पर्यायी कंपनीची गोळी मिळाली तर हे पुन्हा करा.

आज फोन लावाल तेव्हा एवढंच विचारा: माझ्या जुन्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, ते बंद करायचं आहे का? तसं असेल तर नुसतं मेटफॉर्मिन किती मिलिग्रॅमचं, साधं की हळू विरघळणारं, दिवसातून किती वेळा? संध्याकाळच्या घामाचंही सांगा. ‘थोडं बरं वाटत नाही’ असं मोघम बोलू नका, वेळ आणि आकडा सांगा. डॉक्टर भेटत नसतील तर उद्यावर ढकलू नका, दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांना पट्ट्या दाखवा. ग्लिमेपिराइड चालू असताना त्यावर सिटाग्लिप्टिनसारखी औषधं वाढवली की लो होण्याचा धोका वाढतो, म्हणून तेव्हा बरेचदा ग्लिमेपिराइडचा डोस उतरवतात. तुमचा उतरवायचा राहिलाय का, हा रास्त प्रश्न आहे, विचारायला संकोच नको.

आता त्या 92 बद्दल. व्याख्येने 70 च्या खाली लो, 54 च्या खाली गंभीर लो. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण मीटर त्या क्षणाचा आकडा देतो, साखर कुठल्या दिशेने चाललीय ते सांगत नाही. शिवाय मीटरची अचूकता ठरवणारं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 15197, त्याच्या 2013 च्या आवृत्तीप्रमाणे 100 च्या खालच्या आकड्यात 15 पर्यंतचा फरक चालतो. तुमचे 92 म्हणजे प्रत्यक्षात 77 असू शकतात, आणि उतरतही असू शकतात. तेव्हा घाम आला, थरथर झाली की बसा, हात धुऊन तपासा आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. गाडी चालवत असाल तर आधी कडेला घ्या. 70 च्या खाली दिसलं तर 15 ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजणं, आणि वर आल्यावर काहीतरी खाणं.

दुसरी शक्यताही सांगते, उगाच भीती नको. महिनोन्‌महिने साखर दोनशेच्या वर राहिली की शरीराला तीच सवय होते आणि शंभरच्या आसपास आल्यावरही ते लो झाल्यासारखं वागतं. हे काही आठवड्यांत निवळतं. पण ग्लिमेपिराइडचा घोळ मिटल्याशिवाय ‘ही सवयच असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर आणखी सावध. त्या गोळ्या धडधड आणि थरथर दाबून टाकतात, घाम मात्र येतो.

डॅपाग्लिफ्लोझिन मनानेच बंद करण्याच्या मी विरोधात आहे. ही औषधं केवळ साखरेसाठी देत नाहीत. 2015 मध्ये त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत हृदयविकार असलेल्या मधुमेहींचे मृत्यू कमी झालेले दिसले, आणि 2019 मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचा उपयोग हृदय दुबळं झालेल्या, मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही झाला. तुमच्या डॉक्टरांनी ते का निवडलं ते विचारा, कारण कळलं की गोळी नियमित घेतली जाते, निदान माझं तरी तसं झालं. मात्र या गटाचे स्वतःचे नियम आहेत आणि ते देताना कुणी सांगत नाही. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर काढतं, त्यामुळे लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, तो अहवाल बघून घाबरू नका. पाणी पुरेसं प्या. जननेंद्रियाच्या जागी खाज, लाली आली तर लाजून अंगावर काढू नका, बुरशीचा संसर्ग सुरुवातीला साध्या मलमाने जातो.

उलट्या, जुलाब, ताप, जेवण जात नाही, अशा दिवसांत हे औषध तात्पुरतं थांबवायचं असतं. पाणी कमी झालेलं असेल तर बरेचदा मेटफॉर्मिनसुद्धा. कधी थांबवायचं आणि परत कधी सुरू करायचं हे आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवा. याचं कारण किटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठणं. या औषधांवर तो साखर 250 च्या खाली असतानाही होऊ शकतो, म्हणून मीटर बघून गाफील राहायला होतं. मळमळ, पोटदुखी, धाप, विलक्षण थकवा, हे एकत्र दिसलं तर आकडा कितीही चांगला असो, रुग्णालय गाठा आणि पहिल्याच वाक्यात या औषधाचं नाव सांगा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी डॅपाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस थांबवतात. ते शल्यविशारदांना ठाऊक असेलच असं धरून चालू नका.

बाकी, दर दोन दिवसांनी आकडे बघून औषध चाललं की फसलं ते ठरवू नका. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवते, तेव्हा बदलानंतर तीन महिन्यांच्या आत तिच्यावरून निवाडा नको. रक्त कमी असेल तर हीच तपासणी फसवू शकते, हेही लक्षात असू द्या. मेटफॉर्मिन इतकी वर्षं चाललंय तर बी 12 तपासलं नसेल तर तपासून घ्या. पायाच्या मुंग्या प्रत्येक वेळी साखरेच्याच असतात असं नाही.

‘इतकं पथ्य पाळूनही गोळ्या वाढल्या’ असं तुम्ही लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं. ब्रिटनमधल्या ज्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले, त्यात पथ्य आणि गोळ्या नीट चालू असलेल्यांचीही साखर वर्षांगणिक चढत गेलेली दिसली. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू थकत जातात, हा या आजाराचा स्वभाव आहे. औषध बदलणं ही तुम्हाला झालेली शिक्षा नाही. उद्या इन्शुलिन सुचवलं तरी तसं समजू नका.

आणि नजर धूसर झाली आहे म्हणून नवा चष्मा करायचं तुमच्या मनात आहे, तो आत्ता करू नका. साखर झपाट्याने बदलली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार पाण्यामुळे बदलतो आणि नंबर हलतो. साखर स्थिरावल्यावर महिना-दीड महिन्याने नंबर काढा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र बाहुली मोठी करणारे थेंब घालून आताच करून घ्या. एचबीएवनसी 9 च्या वरून भराभर खाली येणार असेल तर आधीपासून दुखावलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो, म्हणून औषधं बदलल्याचं आणि कुठली बदलली ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा.