वाचकांचे प्रश्न : झोका टोकाला थांबतो तेव्हा

प्रश्न : नागपंचमीला आमच्या गावात कडुनिंबाच्या फांदीला दोराचे झोके बांधतात. झोका टोकाला पोहोचला की क्षणभर थांबतो. त्या क्षणी वेग शून्य असेल, तर ऊर्जा संपली असे का म्हणू नये? आणि जड मुलगा बसला, तर झोका अधिक वेगाने खाली येतो का?
– एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : त्या क्षणी संपते ती केवळ गती. झोका जितका वर चढतो, तितकी ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते, आणि तो उतरू लागला की तीच गतिज ऊर्जेत बदलत जाते. २५ किलोची मुलगी तळापासून ०.८ मीटर वर गेली असेल, तर तिच्याजवळ १९६ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. तळाशी येईपर्यंत ती सारी गतीत उतरते आणि वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर होतो. वजन दुप्पट असेल तर ऊर्जाही दुप्पट होते, पण हलवायचे वस्तुमानही दुप्पटच असल्यामुळे वेग तेवढाच राहतो.

वर्गात हे दाखवण्यासाठी एक कुलूप सुतळीने भिंतीवरील खिळ्याला टांगावे आणि सुतळीच्या मध्याच्या थोडे वर, तिच्या अगदी लगत, दुसरा खिळा ठोकावा. कुलूप बाजूला थोडेसे ओढून त्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारावी आणि धक्का न देता ते सोडावे. सुतळी मधल्या खिळ्याला अडते, पुढचा झोका आखूड होतो, तरीही कुलूप जवळजवळ त्याच रेघेपर्यंत चढते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच प्रयोग वर्णिला आहे, आणि मला तो कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक पटवणारा वाटतो.

‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे, की प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा हवेच्या विरोधात आणि दोराच्या घासण्यात खर्च होऊन तिची उष्णता होते. म्हणून झोका हळूहळू मंदावतो.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती सांगणे मला आवश्यक वाटते. दोर ४ मीटर लांब असेल, तर वरील उदाहरणातील मुलीचा भार तळाशी सुमारे ३५ किलोइतका होतो, म्हणजे दोर तुटण्याचा धोका तेथेच सर्वाधिक असतो. त्यामुळे फांदीवर दोर जेथे घासतो, तेथील पीळ हाताने तपासून आणि खाली गोणपाटाची घडी घालूनच मुलांना बसवावे.