मुरलेला, मुरब्बी की कसलेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसातले एक सिनियर डीबीए (म्हणजे डेटाबेस सांभाळणारे) दुसऱ्या टीमला चालले होते, निरोपाच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्यानी कौतुकानं म्हटलं 'सर म्हणजे डेटाबेसमध्ये मुरलेला माणूस' आणि सरांचा चेहराच उतरला. म्हणून विचारतायत की मुरलेला, मुरब्बी आणि कसलेला यांत फरक काय, सगळे 'अनुभवी'च ना?

नाही हो, अजिबात एक नाहीत.

मुरणं आपोआप होतं. कैरीच्या फोडी बरणीत भरल्या, तेल ओतलं, दादरा बांधला की झालं, पुढचं काम मीठ आणि दिवस करतात, फोडीला स्वतःला काही करावं लागत नाही. त्यात 'कुठेतरी पाणी मुरतंय' हा वाक्प्रचार डोक्यात इतका पक्का बसलाय की 'राजकारणात मुरलेला' म्हटलं की निम्मं कौतुक आणि निम्मा संशय असं ऐकू येतं. ज्या माणसाच्या हातात सगळ्या प्रॉडक्शनचे, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या सिस्टिम्सचे, पासवर्ड होते त्याला मुरलेला म्हणालात, चेहरा उतरणारच.

मुरब्बी हा मात्र मुरण्यातून आलेला नाहीच, कानाला तसं वाटतं एवढंच. मूळ अरबी शब्द, फारसीमार्गे आपल्याकडे आला, अर्थ वाढवणारा, सांभाळ करणारा, आश्रयदाता. गंमत म्हणजे आपला मुरंबा पण त्याच घरातला, मुरब्बी म्हणजे जोपासणारा आणि मुरब्बा म्हणजे जोपासलेला, साखरेच्या पाकात टिकवलेला. मराठीत आल्यावर आश्रयदाता मागं पडला आणि नुसता 'धोरणी, पोक्त' उरला, बहुतेक शेजारी मुरणं होतं म्हणूनच. पण मूळ अर्थ धरला तर ज्यानी चार पोरांना बॅकअप रिस्टोर करायला शिकवलं तो खरा मुरब्बी.

आता कसलेला. कसलेला पैलवान, कसलेला नट. यात मला सोनाराचा दगड दिसतो, सोनं घासायचं आणि कस बघायचा. म्हणजे वर्षं किती झाली ते कुणी विचारत नाही, रेघ कशी उमटते ते बघतात. व्युत्पत्तीचं राहू दे, वापरात फरक आहे हे नक्की, रोज मातीत उतरत नसेल त्याला आपण कसलेला पैलवान म्हणत नाही.

हे मला नीट कळलं ते २०१२ च्या आसपास, एका कंपनीत (नाव नको), ओरॅकल या डेटाबेसवरची एक क्वेरी (डेटा मागवणारी आज्ञा) रोज संध्याकाळी जीव काढायची. मीटिंगमध्ये आमचे एक सर म्हणाले, 'फ्रॉममध्ये टेबलांची ऑर्डर चुकलीय, छोटं टेबल शेवटी घ्या.' (फ्रॉम म्हणजे क्वेरीत टेबलांची नावं लिहितात तो भाग.) कुणीतरी का म्हणून विचारलं तर, 'मी सांगतो ना, तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.' झालं, सगळे गप्प. कोपऱ्यात एक वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी होती, तिनी वाद घातलाच नाही, दोन्ही ऑर्डरनी क्वेरी चालवली आणि दोन्हींचे प्लॅन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवणार त्याचे आराखडे, शेजारी शेजारी स्क्रीनवर टाकले, ओळ न ओळ सारखी. मग म्हणाली, 'सर, मोबाईल नंबरचा कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा, आहे आणि आपण नंबर कोट्सशिवाय देतोय, म्हणून ओरॅकल प्रत्येक रोचा, म्हणजे ओळीचा, मोबाईल आधी आकड्यात बदलून बघतंय, इंडेक्स वापरतच नाहीये.' (इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी, पटकन शोधायची यादी.) दोन कोट्स टाकले, क्वेरी पळाली. सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि एवढंच विचारलं, 'हे कधीपासून?'

खरं सांगायचं तर सर खोटं बोलत नव्हते. ओरॅकलच्या जुन्या, नियमांवर चालणाऱ्या ऑप्टिमायझरला (क्वेरी कुठल्या वाटेनं चालवायची ते ठरवणारा भाग) दोन टेबलं नियमांनी सारखीच वाटली तर फ्रॉममधल्या शेवटच्या टेबलापासून तो सुरुवात करायचा, त्यामुळे ऑर्डरला तेव्हा खरोखर महत्त्व होतं. ओरॅकल ७ मध्ये, १९९२ साली, खर्चाचा अंदाज बांधणारा ऑप्टिमायझर आला आणि २००३ च्या १०जी या व्हर्जनपासून जुन्याचा सपोर्टच संपला. सरांचं ज्ञान एकेकाळी ताजं होतं, मधे व्हर्जन बदललं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांचंही तेच, 'विथ (क्वेरीच्या सुरुवातीला नाव देऊन लिहिलेला तुकडा) लिहिलंस की ते वेगळं काढून ठेवलं जाणार' हे व्हर्जन ११ पर्यंत बरोबर होतं, २०१९ च्या १२ पासून एकदाच वापरलेलं साधं विथ मुख्य क्वेरीत विरघळून जातं, पण सांगणारे अजून जुनंच सांगतायत. मुरलेला या शब्दाची अडचण इथेच आहे, तो गृहीत धरतो की नुसते दिवस गेले की चव वाढते. लोणचं मुरतं, भात शिळा होतो, आणि आपला अनुभव त्यातला कुठला हे बरणीच्या आतून कळत नाही.

याउलट ओरॅकलच्या लोकांना टॉम काइट आठवत असतील, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे ओरॅकलमधले तज्ज्ञ. वर्षांचा हवाला त्यांनाही देता आला असता, पण उत्तराबरोबर छोटंसं टेबल बनवून, चालवून, आउटपुटसकट दाखवायचे, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःच्या मशीनवर घासून बघता यावं. कसलेला म्हणतात तो हा. आणि आमच्याकडची ती वर्षभराची मुलगीही, माझ्या लेखी.

तर तुमच्या सरांनी तुम्हाला हाताला धरून शिकवलं असेल तर मुरब्बी म्हणा, वाद झाला की ते आधी प्लॅन उघडत असतील तर कसलेले म्हणा. 'दांडगा अनुभव' टाळा, त्यात दांडगाई फार. आणि कुणी सराईत सुचवलं तर ऐकू नका, शब्द मुळात चांगला आहे पण पेपरवाल्यांनी त्याचं असं काही केलंय की सराईत म्हटलं की पुढे 'गुन्हेगारास अटक' आपोआप ऐकू येतं.