पट्टी आधी ठरव
अगं, बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत गाणी तू घेणार, तर आधी पट्टी ठरव, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वराला 'सा' धरायचा ते. तुझा गळा काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला) रंगतो, पण अंतरा वर चढला की काका मंडळी गप्प होतात. पांढरी चारला उतर. बारा-पंधरा माणसांच्या खोलीत स्पीकर कशाला? चार गाणी पुरेत, त्यांत नवं एकच, आणि ते दोनदा म्हण. ना. वा. टिळकांचं एखादं भजन घेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंगाच्या वळणाने लिहिलं, म्हणून आज्यांच्या तोंडी ते आपसूक येतं. टाळ एकालाच दे (दोघांना दिले की लय पळते, मी भोगलंय). प्रार्थना सुरू झाली की पेटी थांबव. आणि गाण्यांचे कागद मोठ्या अक्षरांत काढ, चष्मे घरीच राहतात.