पडलेला भाव आणि तगलेली कंपनी

प्रश्न : माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. बाजार कोसळल्यावर तंत्रज्ञान कंपन्या कशाच्या बळावर सावरतात?
– एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : शेअरचा भाव कोसळणे आणि कंपनी बुडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला, तरी ज्याच्याजवळ पुढच्या पेरणीपुरते बियाणे आणि खताचे पैसे आहेत, तो शेतकरी मृगात पुन्हा तिफण धरतो. ज्याचे कर्ज खळ्यावरच वसूल होणार आहे, त्याला मात्र तीच पडझड पेलवत नाही.

तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेचा नॅसडॅक हा शेअर निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर होता, तो ९ ऑक्टोबर २००२ रोजी १,११४ वर आला. पाळीव प्राण्यांचे सामान इंटरनेटवरून खरेदीपेक्षा कमी किमतीत विकणारी पेट्स डॉट कॉम नोव्हेंबर २००० मध्येच बंद पडली. अ‍ॅमेझॉनचा शेअरही १०० डॉलरच्या वरून ६ डॉलरच्या आसपास घसरला, परंतु तिने पडझडीच्या तोंडावर, फेब्रुवारी २००० मध्ये, युरोपात रोखे विकून ६९ कोटी युरो उभे केले होते. ते कर्जच होते, पण त्याची मुदत २०१० पर्यंतची होती, आणि ही सवडच तिच्या कामी आली. त्या सवडीत तिने आपल्या संकेतस्थळावर इतर विक्रेत्यांना जागा दिली, त्यामुळे माल त्यांचा, त्यात अडकलेला पैसा त्यांचा आणि दलाली अ‍ॅमेझॉनची, असा हिशेब बसला. २००१ च्या अखेरच्या तिमाहीत तिला पहिला नफा झाला, तोही अवघा ५० लाख डॉलर. त्याच वर्षी जानेवारीत मात्र तिने १,३०० माणसे कमी केली होती. कंपनी सावरली असे आपण म्हणतो तेव्हा घरी पाठवलेली ही माणसे कुणी हिशेबात धरत नाही, याचे मला फार वाईट वाटते. मुलगी नोकरीत असलेल्या पालकाने तरी ती आधी धरावीत.

कंपनी सावरली म्हणजे भावही परत येतो, असेही नाही. इंटरनेटच्या जाळ्याची उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने २००१ मध्ये न खपलेल्या मालापोटी सुमारे २२५ कोटी डॉलरचा तोटा सोसला आणि ती पुन्हा चांगल्या नफ्यात आली, तरी तिच्या शेअरला २००० सालचा भाव वीस वर्षांनंतरही गाठता आला नव्हता.

तेव्हा मुलीला शेअर बाजाराविषयी न विचारता एवढेच विचारावे : नवे काम मिळाले नाही, तर हातातल्या पैशांवर किती महिने पगार निघतील? कंपनीचे बहुतेक उत्पन्न एकाच ग्राहकाकडून, समजा वाळूजच्या एखाद्या मोठ्या कारखान्याकडून, तर येत नाही ना? जुनी बिले वेळेवर वसूल होतात का? हा तपशील तिला ठाऊक नसण्याची शक्यता आहे, पण पगार ठरल्या तारखेला होतो की दर महिन्याला चार-आठ दिवस पुढे सरकतो आहे, हे ती नक्की सांगू शकेल.