आपले प्रश्न : क्रिस्टिना अ‍ॅगिलेराच्या जुन्या तबकड्या

प्रश्न : अमेरिकी गायिका क्रिस्टिना अ‍ॅगिलेराचा ‘बॅक टू बेसिक्स’ हा २००६ चा अल्बम सध्या मी नेरूळ-ठाणे लोकलमध्ये कॉलेजला जाता-येता ऐकते आहे. छायाचित्रांत ती १९४० च्या दशकातल्या हॉलिवूडच्या नटीसारखी दिसते. पहिल्या भागातले ठेके मात्र चक्क हिप-हॉपचे आहेत. मग यातले जुने नेमके कोणते? आणि एका अल्बमचे दोन भाग कशासाठी?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्या दोन भागांतच दडलेले आहे. एकूण २२ नोंदींपैकी १३ पहिल्या तबकडीवर आहेत आणि ९ दुसरीवर. दोन्हींवर जुन्या संगीताचेच काम झाले आहे, पण कामाची रीत अगदी वेगळी आहे.

पहिल्या तबकडीवरच्या कामात डीजे प्रीमियर हा न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधला मातबर माणूस प्रमुख आहे. त्याची पद्धत अशी, की जुन्या तबकडीवरचा एखाद-दुसरा सेकंदाचा तुकडा, म्हणजे पितळी वाद्यांचा एक फटकारा किंवा ड्रमची एक लकेर, सॅम्पलर या ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात उचलून घ्यायचा, त्याचे आणखी बारीक काप करायचे आणि ते नव्या क्रमाने वाजवून ठेका उभा करायचा. ‘एन्ट नो अदर मॅन’ हे गाणे हेडफोन लावून ऐका. त्यातला वाद्यांचा दणका ‘द मून पीपल’ आणि ‘द सोल सेव्हन’ या दोन जुन्या वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रणांतून घेतलेला आहे. त्या वादकांनी आपला तुकडा एकदाच वाजवला होता. इथे तो पुन्हा पुन्हा फिरतो आणि त्यावर एक नवी बाई खणखणीत गाते. म्हणजे जुने इथे अक्षरशः हजर आहे, फक्त त्याचे तुकडे झालेले आहेत. आजीच्या पैठणीचे काठ नव्या कापडाला लावावेत, तसा हा प्रकार म्हणता येईल. या गाण्याला २००७ मध्ये ग्रॅमी हा अमेरिकी संगीत पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या तबकडीवर लिंडा पेरी ही गीतलेखिका आणि निर्माती आहे. २००२ मध्ये ‘ब्यूटिफुल’ हे गाणे क्रिस्टिनाला देणारी ती हीच. इथे काठ लावणे नाही, तर सगळे लुगडेच नव्याने विणलेले आहे : प्रत्यक्ष वाजवलेली वाद्ये, तंतुवाद्यांचा ताफा, सर्कशीचा बँड, आणि ‘आय गॉट ट्रबल’मध्ये तर जुन्या फोनोग्राफवर वाजत असल्यासारखा दबका आवाज आणि खरखर. ती खरखर मला अजूनही पुरती पटलेली नाही, हे सांगून टाकतो. आमच्या चरईतल्या घरी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या. आई प्रत्येक तबकडी मऊ फडक्याने गोल गोल पुसूनच लावत असे, कारण तिला ती खरखर नकोशी होती. तबकडीवर एखादा ओरखडा असला, तर तो दर फेरीला, म्हणजे सुमारे पाऊण सेकंदाने, ‘टक्’ करून पुन्हा येई आणि ऐकणाऱ्याचा जीव गाण्यातून उडून त्या ‘टक्’ची वाट पाहत बसे. जी गोष्ट पुसण्यात आमचे बालपण गेले, ती कोणी हौसेने गाण्यावर शिंपडावी, याची गंमत वाटते.

दोहोंपैकी सरस कोणती, असे विचाराल, तर मी पहिली म्हणेन. तुकड्यांच्या ठेक्यावर गाताना आवाजाला जागा मोजून मिळते, आणि त्या शिस्तीचा क्रिस्टिनाला फायदाच होतो. दुसऱ्या तबकडीवर सर्कशीचा थाटमाट गरजेपेक्षा जास्त आहे. अपवाद ‘हर्ट’चा : दुरावलेल्या वडिलांची त्यांच्या मृत्यूनंतर मागितलेली ही क्षमा आहे, आणि ती अगदी हळू सुरू होते. या गाण्याच्या लेखनात मार्क रॉन्सनचाही हात होता. हाच गृहस्थ त्याच वर्षी ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’चा एक निर्माता होता, आणि त्या अल्बमने जुन्या सोल संगीताचे सारे सांगणे सुमारे ३५ मिनिटांत आटोपले. क्रिस्टिनाचा अल्बम याच्या दुपटीहून मोठा आहे, आणि हा फरक ऐकताना जाणवतो.

प्रश्न : माझी नात या बाईंचे ‘कँडीमॅन’ नावाचे गाणे मोठ्याने लावते. ते ऐकून मला आपल्या चितळकरांच्या चालीच आठवल्या. ही उचलेगिरी तर नव्हे?
— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला कान पक्का आहे, आरोप मात्र मागे घ्यावा लागेल. सी. रामचंद्र, म्हणजेच आपले चितळकर अण्णा, यांच्या ‘शहनाई’मधले १९४७ चे ‘आना मेरी जान’ किंवा १९५१ च्या ‘अलबेला’तले ‘शोला जो भडके’ आठवत असेल, तर त्यांचे आणि ‘कँडीमॅन’चे आजोळ एकच आहे, ते म्हणजे स्विंग आणि बूगी-वूगी या अमेरिकेतल्या नाचऱ्या संगीतशैली. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकी जॅझ वादक वाजवत होते. ती रीत गोव्याच्या वादकांनी आत्मसात केली, आणि त्यांच्यातला चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक ‘अलबेला’च्या वेळी अण्णांच्या हाताशी होता. तिकडे ‘कँडीमॅन’ने आपला नमुना उघडपणे समोर ठेवला आहे : अँड्र्यूज सिस्टर्स या तीन सख्ख्या बहिणींचे १९४१ चे ‘बूगी वूगी ब्यूगल बॉय’. गाण्याच्या आरंभी सैनिकांच्या कवायतीची आरोळी आहे, आणि चित्रफितीत सोनेरी, लाल आणि काळसर केसांच्या तिन्ही बहिणी क्रिस्टिनाच झाली आहे. नातीला ‘शोला जो भडके’ ऐकवा आणि दोन्ही गाण्यांत पाय कुठे आपोआप पडतो ते पाहा. गाण्याचे शब्द मात्र बरेच चावट आहेत, तेव्हा नातीने अर्थ विचारला तर काय सांगायचे, ते आपणच ठरवावे.

प्रश्न : दर अल्बमला केस, कपडे आणि नावही बदलणारी गायिका खरी मानायची तरी कशी? हा सगळा जाहिरातीचाच भाग नाही का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : जाहिरात त्यात आहेच. २००२ च्या ‘स्ट्रिप्ड’च्या वेळी काळ्या बटा आणि उघडेवाघडे चामडी कपडे, आणि चार वर्षांनी प्लॅटिनमसारखे कुरळे केस, लालभडक ओठ आणि ‘बेबी जेन’ हे नवे टोपणनाव, हे अपघाताने घडत नाही. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत अल्बमच्या ३,४६,००० प्रती खपल्या. पण गडकरी रंगायतनात संगीत नाटक पाहायला बसलेला प्रेक्षक शालू-शेल्याला खोटे म्हणत नाही. पद रंगले की नाही, एवढेच तो बघतो. माझी तक्रार वेशाबद्दल नाहीच. वेश बदलला, पण प्रत्येक शब्दावर तानेचा गुच्छ लटकवण्याची तिची जुनी खोड तशीच राहिली. जुन्या गायिकांपैकी बिली हॉलिडे एका साध्या स्वरावर थांबून जे करत असे, ते या २२ नोंदींत फार थोड्या ठिकाणी सापडते. फेब्रुवारी २००७ च्या ग्रॅमी सोहळ्यात, नुकत्याच निवर्तलेल्या सोल गायक जेम्स ब्राउनला आदरांजली म्हणून तिने त्याचे ‘इट्स अ मॅन्स मॅन्स मॅन्स वर्ल्ड’ गायले. त्याची चित्रफीत सहज मिळते. ती आधी पाहा, आणि अल्बमकडे नंतर वळा.