डिझेल इंजिनाच्या छायाचित्रावर चढवलेले काल्पनिक रंग वरून चिकटवल्यासारखे का दिसतात?

डब्ल्यूडीएम-३ए या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे छायाचित्र घेऊन त्यावर डेक्कन क्वीनचे १९३० सालचे रंग संगणकावर चढवले, पण ते इंजिनाचे न वाटता वरून चिकटवलेल्या कागदासारखे दिसतात, असे आपण लिहिले आहे. हा छंद मलाही असल्यामुळे थोडे सविस्तर उत्तर देतो.

पहिली अडचण बहुधा मूळ छायाचित्रातच असते. इंजिन आधीच गडद निळे आणि मलई अशा दोन रंगांत असेल, तर त्यावर नवा रंग ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने (म्हणजे खालचा रंग वरच्यात मिसळून गडद करणाऱ्या पद्धतीने) टाकल्यावर निळ्या भागात तो मळकट होतो आणि मलई भागात भडक. म्हणून आधी प्रत्येक रंगाचा भाग वेगळा निवडून त्याचा रंग काढून टाकावा आणि दोन्ही भागांचा उजेड समान करून संपूर्ण इंजिन एकसारखे राखाडी करून घ्यावे. या राखाडी थरात फक्त छाया, सांधे आणि चमक उरते, आणि नवा रंग या थराखाली गेला की तो पत्र्यावर बसल्यासारखा वाटतो. ढगाळ दिवशी काढलेले छायाचित्र या कामासाठी उत्तम. भर दुपारच्या उन्हातले टाळावे.

दुसरी अडचण पट्ट्यांची. अल्को या अमेरिकन कंपनीच्या रचनेच्या अशा इंजिनाच्या लांब हूडची (यंत्रावरच्या पत्र्याच्या आवरणाची) बाजू म्हणजे जवळजवळ सगळी दारेच असतात, त्यामुळे तेथून जाणारा पट्टा प्रत्येक दाराच्या फटीवर, बिजागरीवर आणि कडीवर किंचित तुटलेला दिसायला हवा. रेडिएटरच्या जाळीवर तर रंग केवळ पट्ट्यांच्या कडांवर दिसतो, मधल्या पोकळीत अंधारच असतो. तेथे पट्टा सलग ओढला की सगळा खेळ उघडा पडतो. शिवाय हूड हा केबिनपेक्षा अरुंद असून त्याच्या दोन्ही बाजूंना चालण्याची वाट असते. तिरप्या कोनातून काढलेल्या छायाचित्रात पट्टा हूडवरून केबिनवर येताना त्या वाटेच्या रुंदीइतका बाहेर सरकला पाहिजे, पण नवखे लोक तो नेमका सरळ रेषेत ओढतात. बाजूने काढलेल्या चित्रात माप सांभाळणे सोपे आहे: इंजिन साधारण १७ मीटर लांब असते, तेव्हा ते १७०० पिक्सेलमध्ये बसवले की एक पिक्सेल म्हणजे एक सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरची सोनेरी रेघ मोबाइलच्या पडद्यावर दिसणारच नाही, हे त्यावरून आधीच कळते.

आता डेक्कन क्वीनविषयी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने (जीआयपी) १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू केली, तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक चंदेरी असून त्याच्या उठावाच्या पट्ट्या लाल होत्या, तर दुसरा निळा असून त्यावर सोनेरी रेघा होत्या. गाडी ओढायला विजेचे इंजिन होते आणि डब्ल्यूडीएम-३एची पूर्वज असलेली डब्ल्यूडीएम-२ ही अल्को डिझेल भारतात आली ती १९६२ मध्ये, म्हणजे आपली कल्पना दुहेरी काल्पनिक आहे. त्यात गैर काहीच नाही; अमेरिकेतील नॉरफोक सदर्न कंपनीने २०१२ मध्ये आपली २० आधुनिक इंजिने पूर्वसुरी कंपन्यांच्या रंगांत खरोखरच रंगवली. मात्र एक गोष्ट आधी ठरवावी लागते. जुनी जीआयपी कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन न होता टिकली असती अशी आपली कल्पना आहे, की मध्य रेल्वेने तिच्या आठवणीसाठी एक इंजिन रंगवले अशी? पहिल्या कल्पनेत बाजूवर जीआयपीची रोमन आद्याक्षरे येतील, दुसरीत देवनागरीत ‘पुणे’ किंवा ‘कल्याण’ असे इंजिनाच्या देखभालीच्या शेडचे नाव. दोन्ही एकत्र आली की चित्र फसते.

माझा कल निळ्या संचाकडे आहे. चंदेरी रंग आकाशाचे प्रतिबिंब घेतो, त्यामुळे सपाट राखाडीपेक्षा वेगळा दाखवणे कठीण, आणि अल्कोच्या धुराड्यालगत जी काजळी जमते तिच्यापुढे तो टिकला नसता. चंदेरीच हवा असेल तर हूडचा माथा गडद ठेवावा. लाल रंग डब्यांच्या उठावाच्या पट्ट्यांवर होता आणि इंजिनाला तशा पट्ट्या नसतात. तेव्हा चालण्याच्या वाटेची कड आणि कठडे यांनाच लाल द्यावा, हे मला सर्वांत पटते.

मळ मात्र बेताने दाखवावा: बोगीवर (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर) ब्रेकची तपकिरी धूळ आणि इंधनटाकीच्या तोंडाखाली एखादा ओघळ पुरे. इंजिन क्रमांकाशेजारी ‘काल्पनिक’ असेही लिहावे, कारण कोपऱ्यातली तळटीप व्हॉट्सॲपवर कापली जाते आणि दोन दिवसांत ‘नवे इंजिन आले’ म्हणून तेच चित्र आपल्याकडे परत येते. जिम्प आणि इंकस्केप या मोफत साधनांत हे सारे होते.