एफडी मोडण्याआधी मुलीला एक प्रश्न विचारा

प्रश्न: मी इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे, बायको घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. आम्ही ओबीसी. मुलीला सीईटीत ९४ पर्सेंटाइल आहेत, पण ती म्हणते, "इंजिनिअरिंग नको, इथंच बीएस्सी करते, मग बँकेच्या परीक्षा देते." लग्नासाठी ४ लाखांची एफडी आहे. तिचीच इच्छा नसेल तर ती कशाला मोडायची?

उत्तर: दादा, ही तिची इच्छा आहे की घरातला हिशेब तिच्या तोंडून बोलतोय, ते आधी बघू. मंदीत माग बंद पडला की घरात काय बोलणं होतं, हे ती लहानपणापासून ऐकतेय. अशा घरातली पोरं मागण्याआधीच मागणं कमी करतात आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो. अर्थशास्त्रज्ञ देबराज राय यांनी 'आकांक्षांची खिडकी' अशी कल्पना मांडली आहे: आपल्यासारख्या, आसपासच्या माणसांकडे बघूनच माणूस आपली उडी ठरवतो. गल्लीत कुणी मुलगी इंजिनिअर झालेली नसेल, तर तिला बँकच दिसणार. बँक वाईट नाही. पण त्या परीक्षांना इंजिनिअरिंगची पदवीही चालते, हे तिला कुणी सांगितलंय का?

म्हणून विचारा: "फी शून्य धर. मग काय घेशील?"

हे नुसतं धरायचंही नाही. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्यात पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही.

उरली कॉलेजची बाकीची शुल्कं आणि राहण्याजेवणाचा खर्च. डीकेटीई हे इंजिनिअरिंग कॉलेज गावातच आहे, तिथं लागलं तर राहण्याजेवणाचा खर्चही वाचला. कराड-सांगलीला गेली तर राहण्याजेवणाचे वर्षाला ८०-९० हजार, चार वर्षांचे साडेतीन लाख धरा. पण सगळी एफडी यात घालू नका. माग थांबले तर घर चालवायला दीड लाख बाजूला ठेवाच. पहिलं वर्ष एफडीतून काढा, पुढचं शैक्षणिक कर्जातून. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं आणि हप्ते शिक्षण संपल्यावर. लग्नाचं ती कमावती झाल्यावर बघा. पटणार नाही, तरी लिहितो.

फी शून्य धरूनही ती बीएस्सीच म्हणाली, तर बीएस्सी. आणि कॅपमध्ये एखादं नाव न ऐकलेलं कॉलेजच हाती लागलं, तर मीही बीएस्सीच म्हणेन.

उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमिलेअरचा दाखला आताच काढून ठेवा. प्रवेश सुरू झाले की तहसीलला रांगा लागतात.